एकही खाडाखोड नाही

"बाई, तीन नंबर द्या ना! आज फॉर्मची शेवटची तारीख आहे आणि हे चार नंबर नुसतं रडतंय!"

बुधवारच्या मधल्या सुट्टीत दहावीतला उंच मुलगा खुर्ची वळवून ओरडत होता. ग्रंथपाल बाईंनी मान वर केली आणि मुलांच्या पाठीमागच्या भिंतीवर लावलेल्या गोल आरशात पाहिलं. सहा कॉम्प्युटर, सहा पडदे, सगळे टेबलावरून दिसायचे. या आरशापायी मुलं त्यांना 'कॅमेरा' म्हणत. म्हणोत बापडी.

तीन नंबरवर शिंप्याची मुलगी बसली होती. शाळेत अजून पुस्तकं नेणारी जवळजवळ ती एकटीच. बाईंचा तिच्यावर जीव होता आणि नेमका तिथेच घात झाला. दुसऱ्या कुणाला उठवलं असतं, तर त्याने दहा मिनिटं हुज्जत घातली असती.

"तू गुणाची आहेस गं. ऊठ जरा, चारवर बस."

ती उठली. चारचं स्पेसचं बटण अडकायचं, तरी गुपचूप टाइप करत राहिली. कोण कुठल्या मशीनवर बसलं त्या रजिस्टरमध्ये मात्र तिच्या नावापुढे 'तीन' तसंच राहिलं. बदलायचं म्हणजे खोडायचं, आणि बाईंच्या तेवीस वर्षांच्या रजिस्टरांत एकही खाडाखोड नव्हती. तपासणीला आलेला प्रत्येक साहेब ते पाहून मान डोलवायचा. बाईंना दुसरं कौतुक आयुष्यात फारसं मिळालं नव्हतं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न, कोण बघतंय, म्हणून त्यांनी पान उलटलं.

दर शनिवारी मशीनमधून यादी निघायची. कुठल्या मशीनवर किती वाजता काय उघडलं, ते सगळं त्यात यायचं. बाई रजिस्टर शेजारी ठेवून लाल पेनाने प्रत्येक ओळीपुढे नाव लिहायच्या. दोनशे-अडीचशे ओळी, हात आपोआप चालायचा. त्या शनिवारी तीन नंबरवर, बुधवारी पावणेएक वाजता, कुणीतरी खोट्या नावाने गणिताच्या सरांबद्दल अत्यंत घाण मजकूर टाकलेला निघाला. बाईंनी रजिस्टर पाहिलं, नाव लिहिलं, यादी मुख्याध्यापकांकडे पाठवली आणि डबा खाल्ला.

सोमवारी शिपाई वर्गातून मुलीला घेऊन गेला. मागोमाग तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. दुपारी त्या चार नंबरच्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसताना बाईंचं बोट स्पेसच्या बटणावर पडलं. बटण अडकलं, आणि बाई तिथल्याच खुर्चीत बसल्या.

'अगं बाई! तिला तर मीच उठवलं होतं.'

तेव्हाच उठून जायला हवं होतं. मुख्याध्यापकांची खोली होती तरी किती लांब? वीस पावलं. पण निवृत्तीला चौदा महिने उरले होते. चुकीची नोंद केली असं लेखी गेलं की चौकशी, आणि चौकशी लागली की सगळंच लटकलं. संध्याकाळी त्यांनी घरी नवऱ्याला सांगितलं. त्याने पेपरातून मानही वर केली नाही.

"तुला कुणी विचारलंय का?"

"नाही."

"मग झालं तर! उगाच कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस?"

मंगळवारी बाई दोनदा त्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या. आत गर्दी आहे, अशी स्वतःची समजूत काढली. गर्दी कसली, एक शिंपी उभा होता. मुलीचा दाखला न्यायला आलेला.

बुधवारी त्या गेल्या. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला.

"रजिस्टर तुमच्याच हातचं ना, बाई?"

"हो."

"यादीतलं नावही तुम्हीच लिहिलंत?"

"हो. पण चूक माझी आहे, सर. मी लेखी देते. तीनवर दुसरा मुलगा होता."

"आता त्या मुलाला बोलावू? त्याची परीक्षा तोंडावर आलीय. सरांचा राग आत्ता कुठे निवळलाय. मिटलेलं प्रकरण कशाला उकरता? आणि ती मुलगी काही बोलली का? नुसती रडत होती."

"तिचं कुणी ऐकलं असतं?"

मुख्याध्यापकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. बाईंचा कागद घेतला, खणात ठेवला आणि खण बंद केला. संध्याकाळी बाई शिंप्याच्या दुकानात गेल्या. तो कापडावर खडूने रेघ मारत होता.

"तुमच्या मुलीची काही चूक नाही हो. माझीच नोंद चुकली."

"मला माहीत आहे माझी पोर कशी आहे ते," तो म्हणाला. रेघ पुरी केली. "शाळेला माहीत नव्हतं. आता तिथे परत पाठवू?"

पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीआधी मुलगी वाचनालयात आली. अंगात शाळेचा गणवेश नव्हता. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. पुस्तकाला कापडी वेष्टण शिवलेलं होतं, कडेने बारीक टाके.

"जमा करायचं राहिलं होतं."

बाईंनी नोंद केली. मग कॉम्प्युटरचं रजिस्टर काढून त्या बुधवारचं पान तिच्यापुढे धरलं. 'तीन' लाल शाईने खोडलेलं होतं, वर 'चार', शेजारी बाईंची सही.

मुलीने बराच वेळ पाहिलं.

"हे तेव्हा का नाही केलंत, बाई?"

 "घाबरले गं," त्या म्हणाल्या. याहून खरं दुसरं काही नव्हतं.

मुलीने मान हलवली, रागाने नाही. बाई उठल्या. कपाटाचं कुलूप उघडून त्यांनी तिला आवडेल असं जाडजूड पुस्तक काढलं आणि तिच्या हातात कोंबलं.

"घेऊन जा. दाखला गेला म्हणून कार्ड चालणार नाही, पण राहू दे. नोंद करत नाही मी. कधीही आणून दे."

मुलीने मुखपृष्ठावरून हात फिरवला, पहिलं पान उघडलं, दोन ओळी वाचल्या. मग पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं, कडा नीट जुळवून.

"नको, बाई. बिननोंदीचं नेलं, तर पुन्हा माझंच नाव यायचं."

दार बाईंच्या पाठीमागे होतं. त्यांना वळून पाहवेना. समोरच्या आरशात ती दारातून बाहेर पडताना दिसली. तेवढ्यात घंटा झाली आणि मुलांचा लोंढा आत शिरला.

"बाई, तीन नंबर द्या ना!"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि नाव विचारलं.