रीसलिंगची बाटली

कुवेतच्या विमानतळावर स्वेटरची घडी उलगडून कस्टम्सच्या माणसानं हिरवी, उंच मानेची बाटली बाहेर काढली आणि टेबलावर उभी केली. मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. जयप्रकाश बोरस्ते त्या बाटलीकडे ती दुसऱ्याच कुणाची असावी तसे पाहत राहिले.

मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत ते इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. युद्धाचं वर्ष वगळता एकोणीस वर्षं कुवेतमध्येच गेली होती. इथे दारू आणली तर नोकरी जाते, परत पाठवतात, हे नव्यानं येणाऱ्या पोरांना ते स्वतःच बजावून सांगत. तरीही काल जर्मनीत बॅग भरताना त्यांच्याच हातांनी ती बाटली स्वेटरमध्ये गुंडाळली होती. तेव्हा भीती वाटली नव्हती, आताही वाटत नव्हती. मार्चपासून त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं.

मार्चमध्ये त्यांची बायको सुहासिनी गेली. इथल्याच मंगफ भागातल्या फ्लॅटमध्ये, दुपारी, कपडे वाळत घालता घालता. ते ड्यूटीवर होते. मुलगी क्षितिजा शिकायला पुण्यात. ती आली, महिनाभर राहिली आणि परीक्षेसाठी परत गेली.

आदल्या वर्षी रिफायनरीत मशिनरी बसवायला आलेला क्लाउस त्यांच्याकडे जेवायला आला होता. तो जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या गावचा. या नवरा-बायकोच्या घरीही निफाडला द्राक्षबागा आहेत हे कळल्यावर तो जेवण विसरून बोलत बसला. त्याच्याकडचं द्राक्ष रीसलिंग, बारीक मण्यांचं, उशिरा पिकणारं. त्याची वाइन कुणालाही परवडेल अशी, रोजच्या जेवणातली, आणि कोरडी. म्हणजे साखर सगळी आंबून संपलेली. सुहासिनीला हे काही पटेना. द्राक्षाचं करायचं आणि त्यात गोडी म्हणून ठेवायची नाही?

"अहो, तुमचं तिकडचं ट्रेनिंग लागलं ना, की मी एक घोट घेऊन बघणार," क्लाउस गेल्यावर ती म्हणाली होती. "आमच्या दादांना सांगू नका म्हणजे झालं."

ट्रेनिंग सप्टेंबरात लागलं. जयप्रकाश एकटेच गेले. रविवारी क्लाउसनं त्यांना गावी नेलं. उभ्या चढावर, काळ्या पाटीच्या दगडांत वेली रोवलेल्या, तोडणीला अजून अवकाश. घड इतके दाट की निफाडात कात्री घेऊन विरळणीच केली असती. क्लाउसनं पेला भरून दिला. थंडगार, कच्च्या कैरीसारखी चावणारी चव. गोडी कुठेच नाही. त्यांनी पेला संपवला. सुहासिनीनं तोंड वाकडं केलं असतं आणि मग पुन्हा मागितली असती, असं वाटलं. परतताना सुपरमार्केटच्या अगदी खालच्या फळीवरून त्यांनी एक बाटली उचलली.

कस्टम्सचा अधिकारी यूसुफ तरुण होता. त्यानं त्यांना बाजूच्या खोलीत बसवलं आणि बाटली कुणासाठी म्हणून इंग्रजीत विचारलं.

"बायकोसाठी."

इथे चालत नाही हे तिला ठाऊक नाही का?

"ठाऊक होतं," जयप्रकाश म्हणाले. "ती वारली."

यूसुफ अरबीत हलकेच काही पुटपुटला, गेलेल्या माणसासाठी म्हणतात ते. मग झाकण फिरवून त्यानं बाटली बेसिनमध्ये उपडी केली. खोलीभर हिरव्या सफरचंदासारखा वास आला आणि विरला. पहिलीच वेळ आहे, म्हणून हमीपत्र लिहून सोडतो, पुन्हा सापडलात तर माझ्या हातात काही नाही, असं तो म्हणाला. जयप्रकाशांनी मान हलवली.

फॉर्म अरबीत होता. यूसुफ विचारत होता आणि भरत होता. नाव. कंपनी. सिव्हिल आयडी. कुवेतमध्ये घरची माणसं किती, तुम्हाला धरून?

"दोन."

यूसुफनं लिहिलं. पेन तसंच कागदावर टेकवून त्यानं वर पाहिलं.

"एक," जयप्रकाश म्हणाले.

यूसुफनं आकड्यावर रेघ मारली, शेजारी नवा आकडा लिहिला आणि कागद त्यांच्याकडे वळवला. खाडाखोड झाली की तिथे वेगळी सही लागते, म्हणाला. जयप्रकाशांनी खिशातून चष्मा काढून लावला, आणि त्या रेघेला लागून, नीट वाचता येईल अशी, पूर्ण नावाची सही केली.