हाडाला राहिलेलं

"ताई, हाडाला थोडं राहू दे," धाकटी ओठ न हलवता म्हणाली. "आज एवढंच कर."

थोरलीने मान हलवली आणि पहिली कोंबडी पुढे ओढली.

कोंबडीच्या कारखान्यातले नवे साहेब वजनकाटा घेऊन टेबलाशी उभे होते. कोंबडीच्या कुठल्या भागातून किती मांस सुटतं आणि कुठला भाग हाडापासून सोलायला परवडतो, हे त्यांना एकदाचं ठरवायचं होतं. त्यासाठी त्यांनी एकवीस वर्षं सुरी चालवणारी थोरली निवडली होती. तिचा आकडा सगळ्या बायकांना लागू होणार होता; जिला तो जमणार नाही, ती घरी बसणार होती. धाकटीच्या डाव्या अंगठ्याची शीर दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर कापली गेली होती. तेव्हापासून तो वाकत नव्हता. तिचा नवरा गेल्यावर थोरलीनेच तिला इथे चिकटवलं होतं.

छाती सोपी होती. पाचशे ग्रॅमच्या छातीतून चारशे दहा ग्रॅम मांस निघालं. तंगडीला मात्र थोरलीने गुडघ्यापाशी सुरी अलगद उचलली आणि बोटभर मांस तिथेच राहू दिलं.

साहेबांनी ते हाड उचलून उजेडात धरलं.

"हात थकले वाटतं, बाई. लोक म्हणत होते, तुम्ही सोललेल्या हाडाकडे मांजरसुद्धा बघत नाही. लोकांचं काय, काहीही बोलतात."

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी फिसकन हसलं. थोरलीचे कान तापले.

दुसऱ्या कोंबडीपासून तिने मागे पाहिलं नाही. सुरी सांध्यात शिरायची, हाडाला घासून फिरायची आणि तंगडीचं मांस मोजा काढावा तसं अख्खं निघून यायचं. पाठीच्या खोबणीतले दोन मऊ गोळे निम्म्या बायकांच्या हाताला लागतच नसत. तेही तिने अंगठ्याने उचलून काढले. साहेब वजनं लिहीत होते.

"पंख सोलायचे नाहीत, आहेत तसेच विकायचे," ते म्हणाले. "छाती कुणीही सोलेल. खरं कसब तंगडीत. नफा तिथेच गळतो."

दहा कोंबड्या झाल्या तेव्हा थोरलीचा श्वास फुलला होता. तिला फार बरं वाटत होतं.

"आता शेजारच्या टेबलाचं बघू," साहेब म्हणाले. त्यांनी धाकटीने सोललेल्या दहा कोंबड्यांची हाडं थोरलीसमोर ओतली. "खरवडा."

"मी?"

"तुमच्याइतकं कोण काढणार?"

धाकटी हात पुसत समोर उभी होती. थोरलीने पहिलं हाड घेतलं आणि वरवर सुरी फिरवली. साहेबांनी पेनाने गुडघ्याकडे बोट केलं. "तिथे आहे अजून." तिने तेही काढलं. मग तिला सांगावं लागलं नाही.

"तीनशे चाळीस ग्रॅम," साहेब काट्याकडे पाहत म्हणाले. "दहा कोंबड्यांत. ही दिवसाला चारशे सोलते. म्हणजे रोज साडेतेरा किलो मांस आपण कचऱ्यात घालतोय." त्यांनी वही मिटली. "सख्खी बहीण ना तुमची?"

"हो."

"तरी हात राखला नाहीत. असंच पाहिजे."

"साहेब, तिचा अंगठा इथेच गेलाय."

"माहीत आहे मला. म्हणून तर कंपनीने दोन वर्षं ठेवलं."

धाकटीने एप्रनची गाठ सोडायला घेतली. त्या ताठ अंगठ्याने ती सुटेना. थोरली मदतीला सरकली, तशी धाकटी दोन पावलं मागे झाली आणि गाठ दातांनी सोडवली. सुरी धुऊन तिने पातं आतल्या बाजूला करून टेबलावर ठेवली. मग पाळी संपेपर्यंत ती फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसून राहिली, कारण घरी जाणारी बस एकच होती.

थांब्यावर दोघी शेजारी उभ्या राहिल्या.

"पहिल्या कोंबडीला ठेवलं होतं गं मी," थोरली म्हणाली.

"पाहिलं मी."

"मग तो तसं बोलला…"

"दुसरीला पण पाहिलं, ताई. हसत होतीस तू."

बस आली. धाकटी पुढे चढली, खिडकीशी बसली आणि आपली पिशवी तिने बाजूच्या जागेवर ठेवली. बस अर्धी रिकामी होती. थोरली घर येईपर्यंत दांडी धरून तिच्यापाशी उभी राहिली.