झेनोनासचा श्वास

विल्नियसच्या आमच्या छोट्या कारखान्यात लेझरचे आरसे बनतात. काच घासायची झेनोनासने, तिच्यावर लेप चढवायचा मी. सीमेपलीकडून घुसणारी ड्रोन हवेतच जाळणाऱ्या यंत्राला आमचा आरसा हवा होता, आणि चाचणीत दोन आरसे चौथ्याच सेकंदाला जळाले होते. तिसराही गेला की ऑर्डर दुसरीकडे जाणार आणि माझा विभाग बंद होणार. दोष लेपाचाच, हे सगळ्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. माझा नुसता तिळपापड झाला होता.

मी दोन्ही जळके आरसे सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि उडालेच. बारीक शिंतोडे, आणि तेही लेपाच्या खाली! म्हणजे काच माझ्याकडे यायच्या आधीच तिच्यावर घाण होती. मला आनंद झाला, पण क्षणभरच. मास्क खाली ओढून काचेवर तोंडाची वाफ सोडायची आणि ती एकसारखी पसरते का ते बघायचं, ही झेनोनासची चाळीस वर्षांची सवय. ती मलाही त्यानेच शिकवलेली. साध्या भिंगांना ते चालून जायचं, पण या लेझरला थुंकीचा एक कणही पुरतो. त्यात त्याच्या दुपारच्या जेवणात लसूण चोळलेला तळलेला काळा पाव ठरलेला.

शेवटी मी बोलूनच टाकलं. "उस्ताद, या काचेवर वाफ सोडू नका."

"तू शाळेत होतीस तेव्हापासून सोडतोय, पोरी."

मी त्याला शिंतोडे दाखवले. बराच वेळ तो डोळा लावून बसला. मग एकावर एक असे दोन मास्क चढवले आणि तिसरी काच दिव्याच्या तिरप्या उजेडात तपासली.

चाचणीच्या माळावर मी सेकंद मोजत उभी होते. चार सेकंद झाले, सात झाले, आरसा टिकला! नवव्या सेकंदाला ड्रोनच्या पंखातून धूर निघाला आणि ते गवतात कोसळलं. मी सगळ्यांसमोर उड्या मारल्या.

"म्हणजे लेप सुधारलात तर," संचालक मला म्हणाले. मी ओठ आवळले.

"लेप आधीही चांगलाच होता," मागून झेनोनास म्हणाला. "आरसे मी जाळले."

परतताना गाडीत तो माझ्या शेजारी बसला, खिडकीच्या काचेवर जोरात वाफ सोडली आणि डोळे बारीक करून बघत राहिला.

"घाण आहे," तो म्हणाला. मी माझा रुमाल त्याच्या हातात दिला.