नेलिदासाठी जोडलेलं घड्याळ

घड्याळजी म्हणून माझं नाव पिनार देल रिओमध्ये अजून चांगलं आहे, आणि ही हकीगत सांगून मी स्वतःच ते मातीत घालणार आहे. पण मी नाही सांगितली तर मिग्दालिया सांगते तीच गावभर खरी ठरेल. ही मिग्दालिया आमच्या समोरच्या कारखान्यात चिरूट वळते. हाताने पान वळता वळता तोंडाने निम्म्या गावाची लग्नं जुळवते आणि उरलेल्यांची मोडते.

तर एका सोमवारी ती माझ्या दुकानात आली. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक भिंग, आणि दिवसभर टिकटिक करत मिनिटामिनिटाला वेळ सांगणारा रेडिओ. तिने टेबलावर रुमाल उलटा केला. त्यातून सतरा मनगटी घड्याळं पडली. एकही चालू नव्हतं.

"हे काय? सामुदायिक अंत्यविधी आहे का?" मी विचारलं.

"नेलिदा रिटायर होतेय, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. ज्याच्या घरात जे पडलं होतं ते त्याने दिलंय. यातनं एक घड्याळ कर. जुन्या वळणाचं, देखणं. हल्लीचं प्लॅस्टिकचं तिला द्यायचं नाही, असं सगळ्यांचं ठरलंय."

"सतरातून एकच?"

"मग काय सतरा करणारेस, ओलेगारिओ? आधी एक तर कर."

नेलिदा ही कारखान्यातली वाचणारी बाई. ऐंशी माणसं मान खाली घालून चिरूट वळत असतात आणि ती मंचावर बसून त्यांना वाचून दाखवते, सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. एकतीस वर्षं हेच केलं तिने. कादंबरीत खून व्हायचा असला की लोकांचे हात थांबत. मुकादम ओरडायला उठे आणि उठल्या जागी तोही ऐकत उभा राहत असे. वाचन आवडलं की ही मंडळी टाळ्या वाजवत नाहीत. पानं कापायची सुरी फळीवर ठोकतात. तो खडखडाट माझ्या दुकानापर्यंत येई आणि मला उगाचच अभिमान वाटे, जसं काही मीच वाचत होतो.

काम सुटलं की ती माझ्याकडे कॉफी प्यायला थांबायची. सहा वर्षं, रोज. हे सुरू झालं तेव्हा माझी बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. नेलिदाने नवऱ्याला कधीच सोडलेलं होतं. या सहा वर्षांत मी तिला रशियन स्प्रिंगची निंदा ऐकवली, माझ्या गुडघ्याची ऐकवली, शेजाऱ्याच्या कोंबड्याचीही ऐकवली. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. आता देशाच्या दुसऱ्या टोकाच्या ओल्गीनहून तिच्या मुलीने बोलावलं होतं, खोली तयार होती. शुक्रवारी दोनला वाचन संपणार, साडेतीनच्या हवानाच्या बसने ती निघणार, तिथून पुढे ओल्गीनला. ती जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि हे तिला सांगायला माझ्याकडे अकरा दिवस होते.

मी काय केलं? घड्याळ जोडायला घेतलं.

सतरा घरची सतरा माणसं, प्रत्येकाला आपलाच तुकडा त्यात हवा. मिग्दालियाने नवऱ्याच्या स्विस घड्याळाची तबकडी दिली होती, पिवळट सायीच्या रंगाची, पातळ आकड्यांची. नवरा वारला तेव्हा तिने ते घड्याळ उशीखाली ठेवलं होतं, म्हणून तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. बाहेरची केस मुकादमाची, जाड पोलादाची. तासकाटा निळा, मिनिटकाटा सोनेरी, दोघांची घरं वेगळी. चावी एका बायकी घड्याळातली, इतकी छोटी की माझ्या बोटांत सापडेना. तबकडीमागचे दोन खुंट मशीनच्या भोकांत बसेनात, मग ते कापले आणि जागा बदलून नवे डागले. एका अंगाने सगळा विजोड संसार. पण भिंग काढून लांबून पाहिलं तेव्हा असं वाटलं की हे असंच जन्माला आलं असावं. सांगतो, मी हसलो एकटाच.

राहता राहिलं मशीन. रुमालातल्या सतरांपैकी तीन मशिनं चांगली होती, थोडं तेल घातलं की चालली असती. मिग्दालिया रोज विचारी, "आमच्यातलं कुणाचं बसवलंस?"

"कुणाचंच नाही. मशीन माझं."

"का रे बाबा? आमच्या मशिनांना खरूज झालीय?"

"मी घड्याळजी आहे की तू?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग नको तितकं गोड हसली. खरं कारण तिला कळलं होतं. बाहेरचं सगळं कारखान्याचं असू दे, आत जे धडधडणार ते माझं असावं, एवढाच माझा हट्ट. खणात माझ्या भावाच्या घड्याळाचं मशीन होतं. भाऊ मासेमारीच्या मोठ्या जहाजांवर होता, महिनोन्महिने समुद्रात. त्याची तबकडी गंजली तेव्हा मी ती फेकून दिली होती आणि मशीन कागदात गुंडाळून ठेवलं होतं. रशियन, दणकट, स्वच्छ. तबकडीखालची चाकं इतकी साफ होती की मी ती काढलीसुद्धा नाहीत.

माझ्या उस्तादाची शिस्त होती. नवं जोडलेलं घड्याळ परीक्षेला ठेवलं की त्याच्याकडे सारखं बघत बसायचं नाही. पहिला दिवस उताणं, दुसरा दिवस कुशीवर, तिसरा दिवस चावी खाली. खणात ठेवायचं आणि दिवसातून एकदाच, भर बाराला, रेडिओशी ताडून पाहायचं. मी तसंच केलं. मंगळवारी बाराला लावलं. बुधवारी बाराला खण उघडला, बरोबर बारा. गुरुवारी बाराला, बरोबर बारा, दोन दिवसांत चार सेकंदांचा फरक. मी त्याचं चुंबन घेतलं. शुक्रवारी रेडिओने बारा सांगितले तेव्हा चारचे सहा सेकंद झाले होते, ते सुधारले आणि धापा टाकत आलेल्या मिग्दालियाच्या हातात घड्याळ ठेवलं.

"तू चल की. तूच बांध तिच्या हातात," ती म्हणाली.

"चार माणसांत माझा घसा बंद होतो, ठाऊक आहे तुला."

"चार माणसं नसतात तेव्हा तरी कुठे उघडतो!" असं म्हणून ती पळाली.

थोड्या वेळाने सुऱ्यांचा खडखडाट ऐकू आला, म्हणजे घड्याळ पोचलं. मी दुकान झाडलं, धुतलेला सदरा घातला, दोन कप मांडले. दोनला वाचन संपेल, अडीचला ती कॉफीला येईल, आणि कप हातात देतानाच मी म्हणेन, जाऊ नकोस. दोनच शब्द. ते मी बारा ते अडीच पाठ करत बसलो.

अडीच वाजले. पावणेतीन. रेडिओ एकेक मिनिट मोजून माझ्या तोंडावर फेकत होता. तीन वाजले, कॉफी गार झाली. साडेतीनला कोपऱ्यावरून हवानाची बस गेली, तिचा काळा धूर माझ्या दारापर्यंत आला. सहा वर्षं कॉफी प्यायली आणि जाताना दारात तोंडसुद्धा दाखवलं नाही! मला राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. दोषी मीच आहे हे कळत होतं, म्हणून तर राग जास्त. शेवटी दुकान बंद केलं आणि निदान मिग्दालियाशी तरी भांडावं म्हणून रस्ता ओलांडला.

कारखान्याच्या पायरीवरच मला नेलिदाचा आवाज ऐकू आला.

ती वाचत होती. दुपारची कादंबरी, शेवटची पानं. ऐंशी माणसं हात बांधून ऐकत होती, समोरची तंबाखूची पानं वाळत चालली होती, मुकादम दाराला टेकून डोळे पुसत होता. हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ चार वर्षं बंद, त्यामुळे ती नेहमी मनगट बघूनच वाचते. मिग्दालियाने मला पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मी मंचाजवळ सरकलो. नेलिदाच्या मनगटावर माझं घड्याळ होतं. सोनेरी काटा बारावर, निळा काटा दोनवर.

बाहेर चार वाजले होते.

तेव्हा मला भावाचं जहाज आठवलं. जहाजावर महिनोन्महिने राहणाऱ्यांना पहाट की संध्याकाळ कळेनाशी होते, म्हणून त्यांच्या घड्याळात तासकाटा दिवसातून एकदाच फिरवतात, चोवीस तासांत एक फेरा. माझ्या भावाचं घड्याळ तसलंच होतं, पण तबकडी फेकली तसं हेही मी विसरून गेलो होतो. त्या मशीनवर मी बारा आकड्यांची तबकडी चढवली होती. मिनिटकाटा चोख, तासकाटा निम्म्या चालीने. आणि मी ते तपासलं कधी, तर रोज बाराला, जेव्हा ते बाराच दाखवणार! शिकाऊ माणसाने ही चूक केली असती तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

नेलिदाने शेवटचं वाक्य वाचून पुस्तक मिटलं. सुऱ्यांचा असा गजर झाला की छपराची धूळ खाली आली. त्यातच मिग्दालिया उठली.

"हा बघा आला लबाड! बस चुकवली रे पठ्ठ्याने! आम्ही अडीचलाच ओळखलं, पण कोण कशाला बोलतंय?"

सगळे हसले. कुणी माझी पाठ थोपटली. नेलिदा मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मुद्दाम केलंस?" तिने विचारलं.

हो म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम होतं. चतुर ठरलो असतो, कारागीर म्हणूनही नाव राहिलं असतं. पण ही बाई एकतीस वर्षं लोकांना छापलेलं जसंच्या तसं वाचून दाखवत आली. तिच्याशी खोटं बोलायला माझी जीभ वळेना.

"नाही. चूक झाली. जहाजावरचं मशीन होतं, मी बघितलं नाही."

नेलिदाचा चेहरा उतरला. तिने पुस्तक पिशवीत घातलं.

"पहिल्या तासालाच दिसलं मला," ती हळू बोलली. "मोठा काटा फिरून आला, छोटा अर्ध्यावरच लटकलेला. मी काय आंधळी आहे? मला वाटलं, ओलेगारिओने केलंय. वाटलं, तोंडाने जमलं नाही म्हणून हातांनी सांगतोय. म्हणून वाचत राहिले. घसा फुटेस्तोवर वाचलं, बस जाऊ दिली. आणि तू म्हणतोस चूक!"

ती मंचावरून उतरायला लागली. मला कळलं की आत्ता गप्प बसलो तर ती पुढची बस धरेल आणि त्या बसला मी अडवू शकणार नाही.

"जाऊ नकोस," मी म्हणालो.

"ऐकू आलं नाही!" मागच्या बाकावरून आरोळी आली. वाचणाऱ्याचा आवाज पडला की ही मंडळी अशीच ओरडतात, मंत्री आला तरी सोडत नाहीत.

"मोठ्याने!" दुसरा ओरडला.

मी मंचावर चढलो. माइक तोंडाशी ओढला. ऐंशी माणसं, आणि घसा बंद झाला तो झालाच. मग मी फक्त तिच्याकडे बघितलं.

"नेलिदा, जाऊ नकोस. घड्याळात चूक झाली, पण आतलं मशीन मी मुद्दाम माझं घातलं. माझ्या घरी राहायला ये. लग्न म्हणशील तर लग्न. माझ्याने तुझ्याविना दुपार जात नाही."

सुऱ्या वाजायला लागल्या. नेलिदाने हात वर केला, तशा थांबल्या. एकतीस वर्षांची सवय त्यांची. तिने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"येते," ती म्हणाली. "पण हे आधी नीट करून दे. सहा वर्षं तू निम्म्या चालीने चाललास, ओलेगारिओ. मी एकसष्ट वर्षांची आहे, मला इतका वेळ नाही."