वल्हं धरलेला संत

मी एक पदक बोलतोय. नाण्याहून थोडं लहान, पातळ पत्र्याचं, वर दोरीपुरतं भोक. माझ्या सांगण्यावर कितपत विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. सगळा जन्म माणसांच्या छातीशी गेला. त्यातलं ऐकलेलं किती आणि नुसतं वाटलेलं किती, हे आता मलाच नीट सांगता येत नाही.

कारखान्यातल्या साच्याचा एक दणका बसला आणि झगा घातलेला संत, त्याच्या हातातलं वल्हं, सगळं माझ्या अंगावर उमटलं. चर्चच्या दारातल्या टेबलावरून एका नावाड्याच्या बायकोने मला उचललं.

"अहो, हा बघा. संत असून वल्हं धरतो. तुमच्याच धंद्यातला!"

"बरं झालं. दमलो की यालाच बसवतो वल्हवायला," म्हणत नावाड्याने मान पुढे केली.

काय दिवस होते ते! पाण्यावरचं धुकं, ओल्या दोराचा वास, नावेत बसल्या बसल्या पाढे म्हणणारी शाळेची मुलं. नाव सोडताना नावाडी मला अंगठ्याने एकदा चोळायचा. मी त्याचीच वाट बघत असायचो.

फक्त पलीकडच्या काठावर धाकट्या भावाची नाव दिसली, की तो मान फिरवायचा. मी घरात येण्याआधी उतारूंवरून दोघांची जुंपली होती. रागाच्या भरात याने वल्हं उगारलं, आणि हाणलंही. धाकट्याचा डावा हात कोपरात वाकडा झाला तो झालाच. तेव्हापासून बोलणं बंद.

पुढे चर्चमध्ये नवे फादर आले. एका रविवारी त्यांनी माझ्या संताची गोष्ट सांगितली. तो नावाडी नव्हताच. परक्या मुलखात जाऊन तापाने फणफणलेल्यांची सेवा करणारा धर्मप्रचारक होता. ताप यानेच आणला, असं लोकांच्या मनाने घेतलं. ज्याच्या नावेतून तो रोज नदी ओलांडायचा, त्यानेच त्याच्या डोक्यात वल्हं घातलं.

"हुतात्म्याचा जीव ज्याने गेला, तेच चित्रात त्याच्या हाती देतात," फादर म्हणाले.

घरी येताच नावाड्याने मला गळ्यातून काढलं आणि बटणांच्या डब्यात टाकलं.

"हे काय हो?"

"तो माझ्या धंद्यातला नाही. त्याला मारणारा माझ्या धंद्यातला."

डब्यात किती काळ गेला कोण जाणे. एक दिवस शर्टाचं बटण शोधताना बायकोचा हात मला लागला. तिने मला नवऱ्यासमोर धरलं.

"नीट बघा तरी. उगारलंय का त्याने वल्हं? टेकून उभा आहे. तोंडावर राग दिसतो कुठे?"

"तोंडच राहिलंय कुठे? मीच घासून घालवलं."

"वल्हं राहिलंय ना? मग ते घ्या आणि जा एकदाचे पलीकडे."

तो गेला. धाकटा पालथ्या नावेला डांबर लावत होता. त्याने आधी थोरल्याच्या हातांकडे पाहिलं.

"वल्हं नाही ना आणलंस, दादा?"

नावाड्याला हसता येईना. त्याने मुठीतून मला पुढे केलं. "चुकलो रे."

धाकट्याने मला उलटसुलट करून पाहिलं, बराच वेळ. मग पाठ वळवून म्हणाला, "दोरी तूच बांध. माझा हात मागे पोचत नाही."

थोरला मागे उभा राहून दोरी बांधू लागला. गाठ काही केल्या बसेना.

आता नदीवर पूल झालाय. मी धाकट्याच्या गळ्यात असतो. दोघं म्हातारे धक्क्याच्या पायरीवर बसतात आणि गाठ सैल झाली की थोरला ती पुन्हा मारतो. "फाशी देतोस का रे?" असं धाकटा दर वेळी विचारतो.

हे माझ्यामुळे घडलं का? छातीठोकपणे नाही सांगवत. विनंती मात्र एक आहे. हे दोघं गेल्यावर मला चकचकीत करून काचेत ठेवू नका. कुणावर हात उगारून बसलेला आणि अजून त्याच्या दारी न गेलेला माणूस भेटला, तर मला त्याच्या हातात द्या. कुणाच्या गळ्यात बांधायचं, ते त्याला ठाऊक असेल.