पहिला घोट

"आधी तुमी प्या, भाऊ." मानीबाईने बाटली परत टेबलावर ठेवली. कडेवरचं पोर तापाने फणफणत होतं.

"अवं, पोराचं औषध मी कायले पिऊ?" रूपसिंग म्हणाला.

"मंग राहू द्या."

रूपसिंगने एक घोट घेतला. तेव्हा कुठे बाईने बाटली उचलली.

उमरखेडच्या त्या दवाखान्यात रूपसिंग कंपाउंडर होता. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून शिकून आलेला पहिलाच माणूस, आणि हाताला गुण आहे म्हणून लोक त्यालाच शोधत यायचे. घात केला तो एका रहस्यकथेने. मासिकात ती छापून आली आणि गाव येडं झालं. म्हातारा वतनदार रोज औषध घेतो आणि रोज खंगत जातो. संशय कंपाउंडरवर, पण शेवटच्या पानावर कळतं, विष घालणारा डॉक्टरच! सदाशिवराव गुरुजींनी गणपतीत तिचं नाटक बसवलं, कंपाउंडरचं काम रूपसिंगला दिलं. स्वारी हुरळून गेली. तालमीत मात्र शेवट बदललेला निघाला.

"गुरुजी, छापलेल्या गोष्टीत तं डॉक्टर मारते."

"मांडव कोनं देल्ला? डॉक्टरसाहेबाले पयल्या खुर्चीत बसवून त्याहीलेच खुनी दाखवू काय? समजत नाही तुले?"

रूपसिंगने मान डोलावली. तिथेच तो फसला. नाटकाच्या रात्री त्याने बाटली उजेडात धरून अशी काही हलवली, की बायाबापड्यांनी बोटं मोडली. पुढे ते नाटक थांबायचं नाव घेईना. खेड्यांत सोंगं नाचवत त्याची दंडार झाली, शाळेत पोरांनी केलं, वणीच्या मंडळींनी त्यात गाणी घातली. वतनदाराचा सावकार झाला, त्याच्या सुनेची लेक झाली. खुनी तेवढा कंपाउंडरच राहिला.

त्याने डॉक्टरांकडे गाऱ्हाणं नेलं. "साहेब, लोकायले तुमी सांगा ना."

"नाटकच होतं ना रे? पीत जा एक घोट, मरतो काय त्यानं!" डॉक्टर पोट धरून हसले. त्या हसण्याने रूपसिंगचं काळीज जळलं.

तेव्हापासून तो प्रत्येकच औषध प्यायला लागला. खोकल्याचं, हगवणीचं, हिवतापाचं. मागण्याआधीच प्यायचा, म्हणजे अपमान तरी ऐकावा लागत नसे. तोंडाची चव गेली ती गेलीच, आणि त्याच्या घोटाची गोष्ट तांड्यापर्यंत गेली.

दिवाळीनंतर आई आजारी पडल्याचा निरोप आला. दुपारी तो औषध घेऊन तांड्यावर पोचला. लालीबाई खाटेवर पडून होती. दुसऱ्या कुणाच्या हातचं औषध तिने घेतलंच नव्हतं.

"याडी, तोंड उघड," तो आईला म्हणाला.

म्हातारीने डोळे मिटून लहान पोरासारखा आ केला. रूपसिंगने चमचा भरला, आणि सवयीने आपल्याच तोंडात घातला.

औषध येईना, तशी तिने डोळे उघडले. लेकाच्या ओठाला लागलेलं लाल औषध तिला दिसलं.

"माह्यासमोरही आधी तूच पेतं, बेटा?"

त्याने चमचा पुन्हा भरला, पण घाईत पुढे करताना अर्धं औषध तिच्या गोधडीवर सांडलं. लालीबाईने त्याचं मनगट धरलं आणि उरलेलं औषध पिऊन टाकलं.