तंबूतला प्रसंग

मित्रांनो, उदगीरच्या एका टॉकीजमध्ये सिनेमा दाखवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, असा मी एक जुना प्रोजेक्टर आहे. आता माझ्यावर गोणपाटाचा बारदाना टाकलेला असतो. जिथे पडदा होता तिथे फळा आला आहे, आणि बारावीची मुलं दिवसभर त्याच्यासमोर भौतिकशास्त्राची गणितं सोडवत बसतात. ती तुमच्याच वयाची आहेत, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटतं.

मी लोखंडाचा आणि काचेचा. रेल्वेने इथे आलो तेव्हा टॉकीजचे मालक विरूपाक्षअप्पा यांनी माझ्या कपाळाला, म्हणजे भिंगाच्या वरच्या पत्र्याला, विभूती लावली आणि बेल वाहिला. माझा ऑपरेटर हणमंत रोज मऊ फडक्याने माझी भिंगं पुसायचा. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पडली की माझ्या पोटात इतका पांढरा प्रकाश व्हायचा की त्याला तो काळ्या काचेतूनच पाहावा लागे. ती वर्षं सुखाची होती. एका सिनेमात आपला नायक परदेशात जाऊन गोऱ्या मुलीला मिठी मारायचा. तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या, पडद्यावर चिल्लर उधळली. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मग त्र्याण्णव साली भूकंप झाला. उदगीर हादरलं, पण उभं राहिलं. पश्चिमेकडची गावं मात्र मातीत गेली. देशोदेशींचे डॉक्टर मदतीला आले. त्यांचं बोलणं जखमी बायकांना समजावून सांगायला कॉलेजच्या मुली तंबूंमध्ये जात. त्यांच्यात दामिनी होती. ती आडत व्यापारी माणिकप्पा यांची मुलगी. मराठी आणि कानडी दोन्ही तिच्या जिभेवर होत्या, आणि डॉक्टरांशी बोलण्यापुरतं इंग्रजीही यायचं. तिथेच एका दिग्दर्शकाने तिला पाहिलं.

दोन वर्षांनी त्याने भूकंपावर सिनेमा काढला. घर गमावलेली एक मुलगी आणि आफ्रिकेतून आलेला एक डॉक्टर यांची ती गोष्ट होती. मुलीचं काम आधी एका नावाजलेल्या नटीला सांगितलं होतं. तिने नकार दिला. पडद्यावर जवळीक दाखवल्यानंतर आपल्या थोरल्या बहिणीला कुणी काम दिलं नव्हतं, हे तिने पाहिलं होतं. दामिनीने होकार दिला. डॉक्टरचं काम पुण्यात शिकायला आलेल्या केनियाच्या एका तरुणाने केलं.

सिनेमाची रिळं आली. पहिल्या खेळापासून त्यातला तंबूतला प्रसंग मी पाहिला आहे, म्हणून तो जसा होता तसाच सांगतो. मुलगी तंबूत येते. दिवसभर हाडं बसवून डॉक्टरचे हात सुजलेले असतात. ती त्याचा तळवा आपल्या गालाला लावते. तो तिच्या कपाळाचं चुंबन घेतो. ती म्हणते, "मी तुमच्यासंगं येईन, पण आधी हे लेकरू उठून बसू द्या." मग तापाने फणफणलेल्या एका लेकराला दोघं सकाळपर्यंत ओल्या पट्ट्या लावतात. सकाळी केस बांधत ती बाहेर येते. एवढंच.

पण गावात बोभाटा झाला. माणिकप्पांच्या आडतीवर भर सौद्यात लोक बोलू लागले.

"काय माणिकप्पा, जावई लई लांबचा केलात की!"

"लांबचा असू द्या हो. पण लाइट गेली तर हुडकायचा कसा?"

लोक खो-खो हसले. काही पोरांनी टॉकीजच्या दारावर दगड मारले.

मित्रांनो, आमच्याकडच्या आडतीत भाव कसा ठरायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे का? रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी ठरायचा. आकडा झाकलेला राहिला की भांडण होत नाही, हा माणिकप्पांचा जन्माचा अनुभव. ते तडक माझ्या केबिनमध्ये आले. बरोबर विरूपाक्षअप्पा होते.

"तेवढं कापून टाका," माणिकप्पा म्हणाले. "दिसायचंच न्हाई, तर बोलतील कशाला?"

"तेवढंच कशाला?" विरूपाक्षअप्पा म्हणाले. "हणमंत, पोरगी तंबूत शिरली की सकाळच दाव. मधलं सगळं काढ. कटकट नको."

"मालक, लेकराचं पण जाईल त्यात."

"जाऊ दे की."

हणमंतने ब्लेड घेतलं. मधली फिल्म कापून काढली आणि दोन टोकं खरवडून फिल्म चिकटवायच्या सिमेंटने जोडली. तो जोड माझ्या दातांवरून गेला तेव्हा पडद्यावरचं चित्र किंचित उडालं. दामिनी तंबूत शिरली आणि दुसऱ्याच क्षणी सकाळ झाली. ती केस बांधत बाहेर आली.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "आयला, कापण्यासारखं काय होतं रे?" आणि शिट्ट्यांचा कल्लोळ उठला.

त्या दिवसापासून प्रत्येकाने मधला प्रसंग आपापल्या डोक्यात रचला. ज्याची जशी बुद्धी, तसा त्याचा सिनेमा. ज्यांनी पहिला खेळ पाहिला होता, ते शहाणे लोकही पानाच्या टपरीवर गप्प राहिले. उदगीरमध्ये कापला म्हणून लातूरमध्ये कापला, नांदेडमध्येही कापला.

दामिनी दुपारच्या खेळाला केबिनमध्ये आली. भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून तिने पडदा पाहिला आणि लोकांच्या शिट्ट्या ऐकल्या. ती रडली नाही. तेवढ्यात तिला शोधत माणिकप्पा आले.

"अप्पा, तुम्ही हा सिनेमा बघितलात का?"

"मला बघायचं काय पडलंय? गाव सांगून राहिलंय की."

"गावानं बघितलेलं तुम्हीच कापून टाकलंत, अप्पा. आता मी काय केलं न्हाई, हे मी कशानं दाखवू?"

ती हणमंतकडे वळली. "हणमंतदादा, परत जोडता येईल का?"

"जोडता येतंय, अक्का. पण मालकाचा हुकूम न्हाई."

पुण्याच्या एका निर्मात्याने आपल्या पुढच्या सिनेमात तिला थोरल्या सुनेचं मोठं काम दिलं होतं. त्यावर तिची सगळी आशा होती. तिचा सिनेमा लावाल का, असं त्याच्या माणसाने इथल्या टॉकीजवाल्यांना विचारलं. विरूपाक्षअप्पा माझ्या शेजारच्या फोनवरच बोलले, "नको बाबा. तिचा सिनेमा लावला तर दगड आम्ही खायचे का?" तसंच इतरही बोलले असणार. दामिनीचं काम गेलं. नंतर तिला जे निरोप आले ते तसल्याच प्रसंगांसाठी, आणि ते तिने घेतले नाहीत. दिग्दर्शकाला मात्र धाडसी म्हणून हार पडले. केनियाचा तो तरुण शिक्षण पुरं करून मायदेशी परतला. जाताना त्याने दामिनीच्या घरी फोन केला होता म्हणे. घरच्यांनी तिला दिला नाही. ती पुण्याला निघून गेली.

पुढे लातूरच्या क्लासेसचं वारं उदगीरपर्यंत आलं. मुलं शिकवणीला जाऊ लागली, खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. माझ्या भिंगावर धूळ बसू लागली. अशातच एक सिनेमा चालला. त्यातली आई कोर्टात उभी राहून बोलायची तेव्हा लोक टाळ्या वाजवत. ती नटी नवी होती, गोरीपान. पण फिल्मवर चित्राच्या कडेला आवाजाची एक बारीक नागमोडी पट्टी असते. तिच्यातून प्रकाश जातो आणि त्याचा पुन्हा आवाज होतो. पहिल्याच वाक्याला मला कळलं. तो आवाज दामिनीचा होता.

ज्यांना तिचा चेहरा नको होता, त्यांनी तिचा आवाज घेतला होता.

तिसऱ्या दिवशी माणिकप्पा जिना चढून वर आले. ते आता थकले होते. त्यांनी आधीचा खेळ खाली बसून पाहिला होता. आयुष्यातला पहिलाच.

"हणमंत, ती बाई बोलती, तो आमच्या दामिनीचा आवाज हाय का रे?"

"हाव, अप्पा."

"सुरुवातीच्या पाटीत नाव कुठं हाय तिचं?"

"आवाज देणाऱ्याचं नाव टाकत न्हाईत, अप्पा."

ते माझ्याजवळच्या स्टुलावर बसले. पुढच्या खेळाला त्यांनी झरोक्यातून पडद्याकडे पाहिलंच नाही. भिंतीला कान लावून, डोळे मिटून ऐकत राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा म्हणाले, "तोंड कधी दिसंल तिचं?"

हणमंत कार्बन पुढे सरकवत राहिला. वर्षभरात टॉकीज बंद झालं. दामिनीचा चेहरा माझ्या प्रकाशात पुन्हा आला नाही, आणि दुसऱ्या कुठल्या पडद्यावर आल्याचंही मी ऐकलं नाही.

मित्रांनो, माझ्यावरचा बारदाना काढा, मला तेल घाला, असं मी म्हणणार नाही. माझं आता काही अडत नाही. पण एखाद्या मुलीबद्दल चार जण हसून बोलू लागले, तर त्यांनी पाहिलं काय आणि रचलं काय, हे आधी विचारा. तुम्ही खरं पाहिलेलं असेल, तर तोंड उघडा. आणि पडद्यावरचा एखादा आवाज आवडून टाळ्या वाजवाल, तेव्हा घटकाभर थांबून विचारा, ही कोण बोलते आहे?

तिचं नाव दामिनी माणिकप्पा आहे.